तेलुगू राजकवी आणि त्यांचे आश्रयदाते: अवतारिकेतून दिसणारा व्यवहार

प्रश्न असा आहे: अभिजात तेलुगू काव्याचा फार मोठा भाग दरबारांत लिहिला गेला, तेव्हा त्या कवींना राजाचे पगारी स्तुतिपाठक म्हणावे का? विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या सभेतील ‘अष्टदिग्गज’ म्हणजे आठ श्रेष्ठ कवी, ही हकीकत कितपत खरी? आणि तंजावरच्या मराठी राजांचा या परंपरेशी नेमका काय संबंध? ही काव्ये शिकवताना आणि त्यांतील काही भाग मराठीत उतरवताना माझे जे मत बनले, ते आधीच सांगतो. स्तुती भरपूर आहे, पण काव्यात तिची जागा ठरलेली आहे. त्या जागेबाहेर कवी आपल्या मर्जीचा मालक असतो. शिवाय आश्रयदाता हा नेहमी राजाच असतो, ही समजूत तर मुळातच चुकीची आहे.

जागा ठरलेली म्हणजे काय, ते ग्रंथाच्या रचनेवरून कळते. तेलुगू प्रबंध म्हणजे दीर्घ कथाकाव्य उघडले की आधी ‘अवतारिका’ लागते. तीत देवतास्तुती, पूर्वकवींना वंदन आणि कुकवींची निंदा असते. त्यानंतर ज्याला काव्य अर्पण करायचे त्याने कवीला कसे बोलावले, काय मागितले आणि कोणत्या शब्दांत गौरविले, याचे वर्णन येते. त्या व्यक्तीला ‘कृतिपती’ किंवा ‘कृतिभर्ता’ म्हणतात, म्हणजे कृती ही कन्या, कवी तिचा पिता आणि अर्पण हे कन्यादान. पुढे त्याची वंशावळ येते आणि तिच्यानंतर ‘षष्ठ्यंत’ नावाची अर्पणपद्ये. मग कथा सुरू होते. प्रत्येक आश्वासाच्या म्हणजे सर्गाच्या आरंभी आणि शेवटी कृतिपतीला संबोधणारी काही पद्ये असतात, पण सर्गाचा शेवट करणाऱ्या गद्यात कवी स्वतःचे नाव, पित्याचे नाव, गुरू आणि बिरुदे नोंदवतो. नुसती सुटी पद्ये वाचून दरबारी कवींबद्दल मत बनवणाऱ्यांना ही चौकट दिसत नाही, आणि मग एकतर सगळेच भाट वाटतात किंवा सगळेच बंडखोर.

या चौकटीचा पहिला मोठा नमुना नन्नय या कवीचा आहे. अकराव्या शतकात राजमहेंद्रवरम् येथे पूर्व चालुक्य राजा राजराज नरेंद्र राज्य करीत होता. त्याचे सिंहासन स्थिर नव्हते, सावत्र भाऊ विजयादित्याशी त्याचा संघर्ष वर्षानुवर्षे चालला. आई चोळ घराण्यातली, पत्नीही राजेंद्र चोळाची कन्या. अशा राजाने तेलुगूत महाभारत मागितले आणि मागताना कारणही सांगितले: चंद्रवंशातले पांडव हे आपले पूर्वज, त्यांचे चरित्र ऐकण्याची आपल्याला गोडी आहे. ब्राह्मणांना तृप्त करणे, भारत ऐकणे, पार्वतीपतीची पूजा, दान आणि सत्संग या पाच गोष्टींचा आपल्याला कधीच कंटाळा येत नाही, असे नन्नय त्याच्या तोंडी घालतो. कवीचे उत्तरही पाहण्यासारखे आहे. आकाशातल्या तारका मोजणे किंवा भारतरूपी समुद्र पोहून पैलतीर गाठणे ब्रह्मदेवाला तरी जमेल काय, असे विचारून तो मग काम अंगावर घेतो. राजाला वंशाचा आधार हवा होता आणि भाषेला पाया. दोन्ही एकाच ग्रंथात साधले.

याच काळातील नंदमपूडीचा ताम्रपट या व्यवहाराची कागदोपत्री बाजू दाखवतो. नन्नयाचा सहाध्यायी आणि मदतनीस नारायणभट्ट याला राजाने नंदमपूडी हे गाव अग्रहार म्हणजे ब्राह्मणाला दिलेले दानगाव म्हणून दिले, आणि त्या दानपत्राची रचना नन्नयाने केली. भारतयुद्धात अर्जुनाला जसा नारायण, तसा मला हा नारायणभट्ट, असे नन्नयाने काव्यातही म्हटले आहे. म्हणजे राजकवी हा काव्य लिहिणारा होताच, शिवाय राज्याच्या दानपत्रांची भाषाही तोच घडवीत होता. हे पुढे श्रीनाथापर्यंत चालत आलेले दिसते.

नन्नयाचे भारत अरण्यपर्वातच थांबले. तेराव्या शतकात तिक्कनाने विराटपर्वापासून पुढची पंधरा पर्वे लिहिली, पण ती कोणा राजाला न देता हरिहरनाथ या देवाला अर्पण केली. हा तिक्कन नेल्लूरच्या मनुमसिद्धी राजाचा मंत्री होता आणि आधीचे ‘निर्वचनोत्तर रामायणमु’ त्याने याच राजाला दिले होते. त्या काव्याच्या आरंभी राजा म्हणतो की, मी तुम्हाला मामा म्हणतो, तेव्हा या नात्याला शोभेल अशी तुमची भारतीकन्या मला द्या. मामाची मुलगी मागण्याचा दक्षिणेतला हक्क राजाने कवितेवर सांगितला आहे. ही गंमत खास तिक्कनाच्या ढंगाची आहे आणि आपल्याकडेही मामेबहिणीशी लग्नाची चाल असल्याने मराठी वाचकाला ती समजावून द्यावी लागत नाही. अरण्यपर्वाचा उरलेला भाग चौदाव्या शतकात एर्रनाने पुरा केला. त्याचा स्वतःचा आश्रयदाता अद्दंकीचा प्रोलय वेमारेड्डी होता आणि ‘हरिवंशमु’ त्याने त्यालाच अर्पण केले. अरण्यपर्वाची पूर्ती मात्र त्याने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या राजराज नरेंद्राच्याच नावे केली, जणू नन्नयच अजून लिहीत आहे. जिवंत आश्रयदात्याच्या पदरी असलेल्या कवीने एका मृत राजाचा हक्क असा राखावा, यावरून अर्पण ही गोष्ट निव्वळ पैशाशी जोडता येत नाही हे उघड आहे.

राजाश्रयाचा सगळा चढउतार एकाच माणसात पाहायचा असेल तर श्रीनाथ वाचावा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात वावरलेला हा कवी कोंडवीडूच्या पेदकोमटी वेमारेड्डीच्या दरबारी ‘विद्याधिकारी’ होता. राणी सूरांबेने खोदवलेल्या ‘संतानसागर’ नावाच्या तलावाचा फिरंगीपुरम् येथील लेख त्याने रचला. विजयनगरला प्रौढ देवरायाच्या सभेत गौडडिंडिम भट्टाला वादात हरवून त्याची काशाची ढक्का म्हणजे ढोल फोडवला, आणि मोत्यांच्या सभागृहात सुवर्णस्नान म्हणजे कनकाभिषेक करवून घेतला, अशी त्याची कीर्ती आहे. तो स्वतःला ‘कविसार्वभौम’ म्हणवीत असे आणि त्याचा तोरा पाहता ते शोभतेही.

पण त्याच्या ग्रंथांचे कृतिपती कोण होते ते पाहा. ‘शृंगारनैषधमु’ मामिडी सिंगन या मंत्र्याला, ‘भीमेश्वरपुराणमु’ बेंडपूडी अन्नय या मंत्र्याला, ‘हरविलासमु’ अवची तिप्पय सेट्टी या व्यापाऱ्याला. राजाच्या वाट्याला आले ते मुख्यतः ‘काशीखंडमु’, राजमहेंद्रवरम्‌च्या वीरभद्ररेड्डीला दिलेले. तिप्पय सेट्टीचे घराणे कोंडवीडूच्या कुमारगिरी रेड्डीच्या वसंतोत्सवाला लागणारी सुगंधी द्रव्ये पुरवीत असे. हा राजा ‘कर्पूरवसंतराय’ म्हणूनच ओळखला जाई. ‘हरविलासा’च्या अवतारिकेत या व्यापाराचे एक पद्य आहे. त्यात सिंहलाचे हत्ती, होर्मुझचे घोडे, भोट देशाची कस्तुरी आणि चीनची रेशमी वस्त्रे येतात, आणि त्याच ओळींत गोव्याची शुद्ध जवादी ही सुगंधी कस्तुरीही येते. समुद्री व्यापाराच्या इतिहासकारांना हे पद्य फार प्रिय आहे. माझ्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. राजाची वंशावळ जिथे यायची, तिथे श्रीनाथाने व्यापाऱ्याच्या जहाजांची यादी बसवली आहे आणि ती तितक्याच डौलात लिहिली आहे. मंत्री, सेनानी, सावकार, ज्याच्यापाशी धन आणि रसिकता होती त्याला कृतिपती होता येत होते.

१४२४ च्या सुमारास कोंडवीडूचे रेड्डी राज्य मोडले आणि काही वर्षांत राजमहेंद्रवरम्‌चेही बळ सरले. श्रीनाथाच्या उतारवयाची जी पद्ये सांगितली जातात ती ग्रंथातली नाहीत. ती ‘चाटू’ पद्ये आहेत, म्हणजे तोंडोतोंडी चालत आलेली सुटी कविता. त्यांचे कर्तृत्व सिद्ध करता येत नाही, पण परंपरेने राजाश्रयाकडे कसे पाहिले हे त्यांच्याइतके कोणी सांगत नाही. एका पद्यात म्हातारा कवी गेलेल्या दात्यांची गणती करतो: वीरारेड्डी काशीविश्वेश्वराला मिळाला, आता रत्ने आणि वस्त्रे कोण देईल, तेलुंगराय रंभेला जाऊन मिळाला, कस्तुरी कोणाकडे मागू, विस्सन मंत्री स्वर्गवासी झाला, सोन्याच्या ताटात आता कोणाच्या पंगतीला जेवू. दुसऱ्या पद्यात त्याने कृष्णाकाठचे बोड्डुपल्ली गाव मक्त्याने घेतले आहे. नदीने पीक नेले, तीळ आणि मूग पाखरांनी खाल्ले, आता सातशे टंक भरू कुठून, असा त्याचा सवाल आहे. थकबाकीदाराला खांद्यावर दगड देऊन उन्हात उभे करण्याची शिक्षा त्याला झाली, असेही एक पद्य सांगते. ज्याला सोन्याने न्हाऊ घातले त्याला सारा चुकवता आला नाही! विद्याधिकारीपद, कनकाभिषेक, पालखी हे सारे त्या त्या राजाबरोबर संपत असे. जमिनीचे दान सोडले तर मागे उरणारे काही नव्हते.

श्रीनाथाच्याच शतकातला बम्मेर पोतन हा दरबाराविरुद्धचा आवाज म्हणून नेहमी पुढे केला जातो. इथे काय ग्रंथात आहे आणि काय लोकमुखी आहे हे वेगळे करायला हवे. भागवताच्या आरंभी पोतन स्वच्छ म्हणतो की, या अधम नरेश्वरांना काव्य देऊन गावे, वाहने, थोडे द्रव्य घ्यायचे आणि देह सुटल्यावर यमाच्या घणाचे घाव सोसायचे, हे न करता मी हे श्रीहरीला अर्पण करतो. हे त्याचे स्वतःचे शब्द. सरस्वतीच्या डोळ्यांतले काजळमिश्रित अश्रू पुसून “तुला मी विकणार नाही” असे वचन देणारे पद्य, आणि काव्यकन्या दुष्टांना विकून खाण्यापेक्षा सत्कवी नांगरट करील असे सांगणारे पद्य, ही दोन्ही चाटू आहेत. राचकोंड्याचा राजा सर्वज्ञ सिंगभूपाल याने रागाने भागवताची पोथी पुरली ही तर दंतकथाच. याच सिंगभूपालाच्या प्रेयसीवरचे ‘भोगिनीदंडकमु’ परंपरा पोतनाच्याच नावावर सांगते, हे त्याचे भक्त सहसा बोलत नाहीत. नकाराची परंपरा खरी आहे, पण ती दरबाराच्या बाहेर उभी राहून बोलत नव्हती. अर्पणाचा साचा तिने तोच ठेवला आणि कृतिपतीच्या जागी देवाला बसवले.

आता कृष्णदेवराय (कारकीर्द १५०९ ते १५२९) आणि अल्लसानी पेद्दन. ‘मनुचरित्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘स्वारोचिषमनुसंभवमु’ची अवतारिका हा राजाश्रयाबद्दलचा माझ्या मते सर्वांत मोलाचा उतारा आहे. राजा भुवनविजय सभेत बसला आहे. पेद्दनाला तो म्हणतो: तू माझा हितचिंतक आहेस, चतुर बोलणारा आहेस, पुराणे, आगम, इतिहास तुझ्या स्मरणात आहेत, तू आंध्रकवितापितामह आहेस, तुझ्या तोडीचा कोण? मग मागणी येते. सप्तसंतानांमध्ये कृतीच तेवढी पृथ्वीवर नष्ट न होता टिकते, म्हणून ‘शिरीषकुसुमपेशल सुधामयोक्ति’ म्हणजे शिरीषाच्या फुलासारखी कोमल, अमृतमय वाणी वापरून आमच्यासाठी कृती रच. पाठोपाठ कापूर घातलेला विडा दिला जातो आणि महाप्रसाद म्हणून कवी तो घेतो.

सप्तसंतान म्हणजे माणसाच्या मागे त्याचे नाव चालवणाऱ्या सात गोष्टी: पुत्र, तलाव, देवालय, उपवन, अग्रहार, धननिक्षेप म्हणजे धनाचा ठेवा आणि काव्य. सूरांबेचा ‘संतानसागर’ याच कल्पनेतून आला. तलाव फुटतात, देवळे पडतात, मुलगे निपुत्रिक मरतात, हे राजे जाणून होते. कृष्णदेवराय भर सभेत कबूल करतो की, या सातांपैकी खात्रीची अशी एकच गोष्ट आहे आणि ती त्याला स्वतःला निर्माण करता येत नाही, पेद्दनाकडून मागून घ्यावी लागते. या प्रसंगात याचक कोण आणि दाता कोण, हे एकदा नीट वाचून पाहावे.

मागणी मनूच्या जन्मकथेची, म्हणजे राजवंशाच्या मूळपुरुषाची होती. पेद्दनाने काय दिले? मार्कंडेयपुराणातली काही श्लोकांची गोष्ट त्याने सहा आश्वासांची केली आणि तिचा प्राण ओतला तो प्रवर नावाच्या एका कर्मठ ब्राह्मणाच्या प्रसंगात. सिद्धाने दिलेला लेप पायाला लावून प्रवर हिमालयात पोहोचतो, बर्फाने लेप विरघळतो, परतीची वाट बंद होते, आणि वरूथिनी ही अप्सरा त्याच्यावर भाळते. तो तिला झिडकारून अग्नीची प्रार्थना करतो आणि घरी परततो. त्याचे रूप घेऊन एक गंधर्व तिला फसवतो आणि त्या फसवणुकीतून मनूचा वंश सुरू होतो. राजाला हवा असलेला मूळपुरुष असा खोट्या रूपाच्या पोटी येतो. स्तुतिपाठक असे लिहीत नसतो. ओडिशाच्या गजपती राजावरच्या स्वारीचे, उदयगिरी घेऊन कटकाकडे निघालेल्या सैन्याचे वर्णन काव्यात आहे, पण ते अवतारिकेत आणि आश्वासांच्या टोकांना आहे. कथेत राजा शिरत नाही.

पेद्दनाच्या नावावरची दोन चाटू पद्येही सांगायला हवीत. एकात तो काव्य लिहायच्या अटी घालतो: निवांत जागा, प्रियेच्या दूतीने आणलेला कापुरी विडा, मनाजोगते जेवण, झोपाळ्याचा पलंग, बरेवाईट पारखणारे रसिक, आणि मनातले ओळखणारे लेखक व वाचक, हे मिळाल्यावाचून नुसते “लिही” म्हटल्याने होते काय? शेवटची अट गमतीची वाटली तरी तीच खरी आहे. ताडपत्रावर कोरून घेणारा आणि सभेत वाचून दाखवणारा यांच्याशिवाय दरबारी काव्य उभेच राहत नसे, आणि ही माणसे पोसणे राजालाच परवडे. दुसरे पद्य राजाच्या मृत्यूनंतरचे आहे: वाटेत भेटलो तर हत्ती थांबवून हात देऊन वर घेई, मनुचरित्र स्वीकारताना माझी पालखी स्वतःच्या हाताने उचलली, गंडपेंडेरम् हे मानाचे तोडे स्वतः माझ्या पायात घातले, कोकट वगैरे अग्रहार मागितल्या ठिकाणी दिले, त्या कृष्णरायाबरोबर स्वर्गाला न जाता मी जिवंत प्रेतासारखा उरलो आहे.

अष्टदिग्गजांविषयी आता थोडक्यात. परंपरेच्या यादीत पेद्दन, नंदी तिम्मन, धूर्जटी, मादय्यगारी मल्लन, अय्यलराजू रामभद्र, पिंगळी सूरन, रामराजभूषण आणि तेनाली रामकृष्ण अशी आठ नावे येतात. हे आठहीजण भुवनविजय सभेत एकत्र बसत असत हे मात्र ग्रंथांच्या अर्पणावरून जुळत नाही. सूरनाचे ‘कलापूर्णोदयमु’ नंद्यालच्या कृष्णराजाला आहे, आणि रामराजभूषणाचे ‘वसुचरित्रमु’ आरवीडू घराण्यातील तिरुमलरायाला, तेही १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर. साठसत्तर वर्षांच्या कालखंडातले कवी स्मृतीने एका राजाभोवती गोळा केले. आणखी एक विसंगती धूर्जटीची. त्याच्या नावावरच्या ‘काळहस्तीश्वर शतकमु’त “राजुल मत्तुलु” म्हणजे राजे उन्मत्त आहेत, त्यांची सेवा नरकासारखी, असे रोकठोक पद्य आहे, आणि तरी तो त्याच यादीत मानाने बसतो.

कृष्णदेवराय स्वतः कवी झाला तेव्हा त्याने काय केले हेही बोलके आहे. कलिंगाच्या स्वारीत कृष्णाकाठच्या श्रीकाकुळम् येथे एकादशीच्या उपवासानंतर पहाटे आंध्रविष्णूने स्वप्नात येऊन तेलुगूत काव्य लिहायला सांगितले, अशी ‘आमुक्तमाल्यदे’ची अवतारिका आहे. त्या काव्याचा कृतिपती वेंकटेश्वर. राजा कवीच्या जागी आला की त्याच्या जागी देवच बसू शकतो, दुसरा राजा नव्हे.

विजयनगर मोडल्यावर आश्रय आटला नाही, पांगला. गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशहाचे नाव तेलुगू कवींनी आपल्या भाषेत ‘मल्किभराम’ केले. अद्दंकी गंगाधराने ‘तपतीसंवरणोपाख्यानमु’ त्याला दिले, तर त्याचा सरदार अमीनखान याला पोन्निगंटी तेलगनाने संस्कृत शब्द टाळून लिहिलेले ‘ययातिचरित्रमु’ अर्पण केले. साचा इतका पक्का होता की कृतिपतीचा धर्म बदलला तरी तो हलला नाही.

दुसरी शाखा तंजावरला गेली आणि तिथेच मराठी संबंध येतो. तिथला राजा रघुनाथ नायक स्वतः कवी होता आणि चेमकूर वेंकटकवीचे ‘विजयविलासमु’ त्याला अर्पण आहे. त्याच्या मुलाच्या, विजयराघवाच्या, सभेत रंगाजम्मासारख्या कवयित्री होत्या. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांशी लढताना विजयराघव पडला आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावर घेतले. या भोसल्यांची घरची भाषा मराठी, मुलूख तमिळ, आणि दरबारी काव्यसंगीताची भाषा मात्र तेलुगू राहिली. तिथले राजपद कसे मिरवायचे याची रीत ज्या भाषेत तयार होती, तीच त्यांनी उचलली. व्यंकोजींचा मुलगा शहाजी (१६८४ ते १७१२) याने मराठीत नाटके लिहिली तशीच तेलुगूतही, ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ त्यांतले प्रसिद्ध. १६९३ मध्ये त्याने तिरुविसनल्लूर गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् पडले. नंदमपूडीच्या दानाला सहाशे वर्षे उलटून गेली होती, तरी दानाची रीत तीच होती.

प्रतापसिंह महाराजांच्या (१७३९ ते १७६३) दरबारात मुद्दुपळनी ही गणिका होती. तिचे ‘राधिकासांत्वनमु’ हे काव्य कृष्णाला अर्पण केलेले आहे. त्याच्या अवतारिकेत राजाच्या वंशावळीच्या ठिकाणी ती स्वतःच्या आजीची आणि घराण्यातल्या स्त्रियांची परंपरा सांगते, आणि विद्वानांना धन देऊन माझ्यासारखा सन्मान दुसऱ्या कोणत्या स्त्रीने केला, असे विचारते. म्हणजे मराठी राजाच्या पदरची ही कवयित्री एकाच वेळी आश्रित होती आणि आश्रयदातीही. १९१० मध्ये बंगळूर नागरत्नम्मा यांनी हे काव्य पूर्ण स्वरूपात छापवले तेव्हा इंग्रज सरकारने अश्लीलतेच्या कारणाने त्यावर बंदी घातली. ती १९४७ मध्ये टंगुटूरी प्रकाशम् यांच्या प्रयत्नाने उठली.